‘यात काय आहे?’ याचे उत्तर कोणी द्यायचे?

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. गिऱ्हाईक दुकानात शिरले की सर्वांत आधी भाव विचारते, असे नव्या मुलांना वाटते. ते खरे नाही. जाणकार गिऱ्हाईक आधी कापडाचा कोपरा दोन बोटांत धरून चोळते आणि विचारते, ‘‘यात काय आहे?’’ सूत किती, पॉलिएस्टर किती, रंग पक्का आहे का, धुतल्यावर किती आटेल. भावाची बोलणी त्यानंतर. या एका प्रश्नाला दुकानदार काय उत्तर देतो, त्यावर ते गिऱ्हाईक पुढच्या ईदला येणार की नाही हे ठरते.

हाच प्रश्न २०२३ च्या डिसेंबरात आम्ही एका अगदी निराळ्या ठिकाणी ऐकला. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतील एका मनोरंजन उद्यानातला बार. व्यापाराच्या पानावर बारची गोष्ट कशाला आणि आम्ही तेथे गेलोच कशाला, असे आमचे वाचक विचारतील. दोन्हींचे उत्तर एका मुलीत आहे.

आमचा पुतण्या न्यू जर्सीत नोकरी करतो. त्याच्या मुलीला दुधाचे आणि शेंगदाण्याचे वावडे आहे. वावडे म्हटले की आपल्या घरांत ‘‘थोडे पोट बिघडेल’’ एवढाच अर्थ घेतला जातो. हे तसले नव्हे. शेंगदाण्याचा एक कण, लोण्याचा हात लागलेला एक घास, एवढ्यानेही तिच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो. रक्तदाब खाली जाऊन जीव जाऊ शकतो. अशा वेळी मांडीत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन देऊन ताबडतोब इस्पितळ गाठणे एवढाच मार्ग असतो, आणि इंजेक्शनने बरे वाटले तरी इस्पितळात जावेच लागते. म्हणून तिची आई इंजेक्शनचे पेन पर्समध्ये घेऊनच फिरते. तिकडे ते सहज मिळते, आपल्याकडे बहुतेक मेडिकल दुकानांत मिळत नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात ही मंडळी मालेगावला आली होती. आम्ही मोठ्या हौसेने सर्वांना आमच्या नेहमीच्या हॉटेलात नेले. पोरीच्या आईने वेटरला विचारले, ‘‘यात दूध, दही नाही ना? शेंगदाणा नाही ना?’’ वेटर म्हणाला, ‘‘नाही बाजी, बेफिकीर खिलाओ.’’ दहा मिनिटांत पोरीचे ओठ सुजले. कबाबचे मांस रात्रभर दह्यात मुरवलेले होते. पेन पर्समध्ये होते म्हणून पोर वाचली, हे आम्ही आजही अंगावर काटा येऊन लिहीत आहोत.

तो वेटर खोटे बोलला नव्हता. त्याला ठाऊकच नव्हते. त्याच्या लेखी दूध म्हणजे पातेल्यातले दूध आणि दही म्हणजे वाटीतले दही. कबाबला लावलेले दही हा त्याच्या दृष्टीने मसाला. लोणी, खवा, मलई, बिस्किटात पडणारी दुधाची भुकटी, यांपैकी कशालाच तो ‘दूध’ म्हणत नव्हता. आणि ‘‘मला माहीत नाही’’ म्हणणे हा आपल्याकडे नोकराचा कमीपणा मानला जातो. मालकच त्याला तसे शिकवतो.

आता त्या बारकडे वळू. फ्लोरिडा राज्यात ओरलँडोजवळ डिस्ने कंपनीची उद्याने आहेत. त्यांपैकी हॉलीवूड स्टुडिओज या उद्यानात २०१९ च्या ऑगस्टमध्ये ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांच्या कल्पनेवर एक पूर्ण वस्ती उभी केली गेली. कुठल्या तरी दूरच्या ग्रहावरील व्यापारी बंदर असावे तशी ती वस्ती आहे आणि तिच्यात ‘ओगाज कँटीना’ नावाचे मद्यालय आहे. ते चित्रपटाच्या सेटसारखे असल्याने मुलाबाळांसह लोक रांगा लावतात आणि बिनमद्याची पेयेही तेथे बरीच मिळतात. पोरीने हट्ट धरला. आम्ही आधी नाक मुरडले, मग दाराशी उभे राहण्यापेक्षा आत गेलो.

आत अंधार, कानठळ्या बसवणारे संगीत, आणि ते वाजवणारा एक यंत्रमानव. बहुतेकांना उभ्यानेच प्यावे लागते. पाऊण तासात जागा रिकामी करायची. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला इंग्रजी मेनू सावकाश वाचावा लागतो, पण तेथे इंग्रजी येणाऱ्यालाही फारसा फायदा नाही. कारण पदार्थांची नावेच त्या काल्पनिक ग्रहावरची. ‘ब्लू बँथा’, ‘जब्बा ज्यूस’, ‘क्लिफ ड्वेलर’. आपल्या मेनूत ‘दही वडा’ लिहिले की दही आहे हे नावातच कळते. तेथे नावावरून काहीच कळत नाही. जो माल विकायचा त्याचे नाव सुंदर ठेवावे, यात गैर काही नाही. आम्हीही साड्यांना नट्यांची नावे देऊन विकले आहे. पण नाव जितके काल्पनिक, तितके गिऱ्हाइकाच्या हातातले साधन कमी होते, आणि सांगण्याची जबाबदारी तितकी विकणाऱ्यावर येते.

पोरीने मागितले ‘ब्लू बँथा’, म्हणजे निळे दूध. आईच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. पण गंमत अशी की, त्या निळ्या ‘दुधात’ गाईम्हशीचे दूध नसते, ते नारळ आणि तांदूळ यांच्या दुधापासून बनवतात. मात्र पेल्यासोबत जे गोड बिस्किट येते ते लोण्याचे असते. ज्याला दूध म्हणतात त्यात दूध नाही आणि ज्याकडे कोणी पाहत नाही त्या बिस्किटात आहे.

तेथील नोकर त्या ग्रहाचे रहिवासी असल्याच्या थाटात बोलतात. ‘‘ब्राइट सन्स’’ म्हणून सलाम करतात. आमच्याकडे आलेला तरुणही त्याच थाटात होता. पण पोरीच्या आईने ‘‘हिला दुधाची आणि शेंगदाण्याची ॲलर्जी आहे’’ एवढे म्हणताच त्याने सोंग बाजूला ठेवले. आवाज बदलला, जरा वाकून नीट ऐकले. ‘‘मला खात्री नाही, आत विचारून येतो,’’ म्हणाला. परत येऊन त्याने सांगितले की पेय वेगळ्या भांड्यात देऊ, बिस्किट मात्र देणार नाही. आणि स्वतःहून विचारले, ‘‘नारळ चालतो का?’’ कारण त्या वेळी अमेरिकेचे अन्न खाते नारळाला काजू-बदामाच्या गटात धरत असे. २०२५ च्या जानेवारीत त्यांनी नारळ त्या यादीतून काढला. कोकणातल्या माणसाला हे ऐकून हसू येईल, पण प्रश्न विचारला गेला हे महत्त्वाचे. शेवटी तो हेही म्हणाला की शंभर टक्के हमी आम्ही देऊ शकत नाही, निर्णय तुमचा.

आम्ही मनात म्हटले, हा पोरगा चांगला दुकानदार होईल.

एक गोष्ट मात्र आम्हाला बिलकूल पटली नाही. त्याच बारमध्ये एका मद्यपेयावर असा फेस घालतात की ओठांना लागताच चुणचुणते आणि ओठ बधिर होतात. एका फुलाचा तो गुण आहे, आपल्याकडे दातदुखीवर अक्कलकारा चघळतात त्यासारखाच. लोक मजेने ओठ चाटत हसत होते. पण ओठ चुणचुणणे ही अन्नाच्या ॲलर्जीची पहिली खूण असते. ज्याला वावडे आहे त्याने त्या चुणचुणीचा अर्थ काय लावायचा? मजा की इशारा? पोरीची आई म्हणाली, ‘‘बडे अब्बा, हिला आम्ही हेच शिकवले आहे की ओठ चुणचुणले की लगेच ओरडायचे.’’

बार या जागेचा आणखी एक त्रास आहे, आणि तो बिनमद्याचे पेय मागणाऱ्यालाही भोगावा लागतो. पेय ढवळण्याचे भांडे एकच असते, ते बहुधा नुसते पाण्याने विसळून पुढच्या पेयाला घेतात. काही पेयांत फेस येण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक, काहींत मलईची दारू, काहींत बदामाचे सरबत पडते. नारळ-अननसाच्या बेटांची सजावट केलेले जे बार असतात, त्यांच्या पेयांत तर बदामाचे सरबत नेहमीचेच. शिवाय अमेरिकेत खाद्यपदार्थांच्या पाकिटावर दूध, अंडे, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे प्राणी, काजू-बदाम वर्ग, शेंगदाणा, गहू, सोयाबीन हे आठ घटक छापणे २००६ पासून बंधनकारक आहे, २०२३ पासून नववा तीळ. पण दारूच्या बाटलीवर ते बंधन नव्हते. तसा प्रस्ताव २०२५ च्या जानेवारीत पुढे आला. म्हणजे पेय देणाऱ्याने बाटली उलटून वाचली तरी बाटली बोलेलच असे नाही.

तिळाचा विषय निघाला म्हणून सांगतो. तीळ यादीत आल्यावर तिकडच्या काही पाव बनवणाऱ्यांनी काय केले? कारखान्यातून तिळाचा कण वेचून काढणे खर्चाचे, म्हणून त्यांनी पावात मुद्दाम थोडे तिळाचे पीठ घातले आणि पाकिटावर ‘तीळ आहे’ असे छापून टाकले. कायदा पाळला गेला आणि जे गिऱ्हाईक कालपर्यंत तो पाव खात होते त्याच्या तोंडचा घास गेला. अशी अक्कल आपल्या बाजारातही कमी नाही.

आम्ही ओरलँडोत होतो, त्याच्या दोनच महिने आधी तेथून फार दूर नाही अशा जागी एक मृत्यू झाला होता. आम्हाला ते नंतर कळले. डिस्नेच्याच आवारात, उद्यानांच्या शेजारी ‘डिस्ने स्प्रिंग्ज’ नावाची मोठी बाजारपेठ आहे. तिच्यात आयर्लंडच्या धर्तीवर सजवलेला ‘रॅगलन रोड’ हा पब आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या एक महिला डॉक्टर पती आणि सासूसह तेथे जेवल्या. त्यांना दूध व काजू-बदाम वर्गाचे तीव्र वावडे होते. पतीने २०२४ च्या फेब्रुवारीत दाखल केलेल्या दाव्यातील हकिगत अशी: त्यांनी वेटरला वावडे सांगितले, पुन्हा पुन्हा विचारले, वेटर आत जाऊन विचारून आला. ॲलर्जीचा पदार्थ ओळखू यावा म्हणून ताटात जी खुणेची काडी लावतात ती काही पदार्थांवर नव्हती. म्हणून पुन्हा विचारले. पुन्हा खात्री दिली गेली. जेवणानंतर पाऊण तासाने त्या बाजारातच कोसळल्या. जवळचे पेन वापरले. इस्पितळात त्यांचा मृत्यू झाला. शरीरात दूध आणि काजू-बदामाचे अंश सापडले, असे तपासणीत निघाल्याचे दाव्यात नमूद आहे.

हे सारे दाव्यातील म्हणणे आहे हे लक्षात ठेवूनच आम्ही लिहीत आहोत. पण एवढे तर उघड आहे की ती बाई डॉक्टर होती, तिला आपला रोग ठाऊक होता, औषध जवळ होते. गिऱ्हाइकाने जेवढी काळजी घ्यावी असे आपण म्हणतो, तेवढी घेऊन झाली होती. त्यापुढचे काम स्वयंपाकघराचे होते.

यानंतर जे घडले ते तर प्रत्येक व्यापाऱ्याने वाचावे असे आहे. पब चालवणारी कंपनी वेगळी, डिस्नेचे म्हणणे की आम्ही केवळ जागेचे मालक. ठीक आहे, तो मुद्दा न्यायालयात लढण्याचा आहे. पण २०२४ च्या मे महिन्यात डिस्नेच्या वकिलांनी असाही अर्ज केला की, पतीने २०१९ मध्ये डिस्नेच्या टीव्ही सेवेचे एक महिन्याचे फुकट सदस्यत्व घेतले होते, त्या वेळी मान्य केलेल्या अटींत तकरार लवादाकडे न्यावी असे कलम आहे, २०२३ मध्ये उद्यानाची तिकिटे घेतानाही तशाच अटी मान्य केल्या आहेत, तेव्हा हा खटला न्यायालयात चालूच नये. घरी चित्रपट पाहण्यासाठी दाबलेले बटण आणि पत्नीचा मृत्यू यांचा एकमेकांशी काय संबंध? जगभर ओरड झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने तो आग्रह सोडून दिला.

आम्ही ही बातमी वाचून हसलो नाही. आमच्या दुकानाच्या बिलावरही एक ओळ छापलेली आहे: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ काही वर्षांपूर्वी एका लग्नघराने आमच्याकडून गडद लाल ड्रेस मटेरियल आणि पांढऱ्या ओढण्या नेल्या. ‘‘रंग जाईल का?’’ असे त्यांनी विचारले होते. आमचा सेल्समन म्हणाला, ‘‘अजिबात नाही.’’ त्याने आम्हाला विचारले नाही, आम्ही रंगवणाऱ्याला विचारले नव्हते. पहिल्याच धुण्यात सगळ्या ओढण्या गुलाबी झाल्या. ते लोक परत आले तेव्हा आम्ही काय केले? बिलावरच्या त्या ओळीवर बोट ठेवले. घराण्यातील जुने माणूस बरोबर होते, काही बोलले नाही, बिल घडी करून खिशात घातले आणि निघून गेले. ते घर पुन्हा आमच्या पायरीवर आले नाही. कापड होते म्हणून एवढ्यावर भागले.

ऐब सांगून माल विकावा हे आपण वडिलांकडून ऐकत आलो. पण आजच्या धंद्यात अडचण अशी की ऐब कोणाला माहीत आहे हेच कळत नाही. सूत एकाचे, लूम दुसऱ्याचे, रंग प्रोसेसवाल्याचा, दुकान आमचे. हॉटेलचे तसेच. मसाला बाहेरून वाटून येतो, ग्रेव्हीत काजू आहे की स्वस्त पडतो म्हणून शेंगदाणा हे आचाऱ्याला ठाऊक, तळणीच्या कढईत सकाळी काय तळले हे पोऱ्याला ठाऊक, आणि उत्तर देतो वेटर, ज्याला यांतले काहीच ठाऊक नाही. गिऱ्हाइकाला मात्र एकच पाटी दिसते, दारावरची.

आपल्याकडे कायदा नाही असे समजू नका. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार पाकीटबंद मालावर ग्लुटेनयुक्त धान्य, दूध, अंडे, मासे, कवचाचे प्राणी, शेंगदाणा व काजू-बदाम वर्ग, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढे सल्फाइट यांचा उल्लेख करावा लागतो. तीळ त्या यादीत नाही. नानखटाई आणि टोस्ट पाकिटात घालून विकणारे आमचे बेकरीवाले बांधव यातून सुटलेले नाहीत. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी चालणाऱ्या हॉटेलांनाही ही माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते. एकट्या-दुकट्या हॉटेलावर मेनूचे हे बंधन नाही. पण आमच्या पोरीचे ओठ अशाच एका हॉटेलात सुजले होते.

त्या हॉटेलचे मालक आमचे जुने स्नेही. अमेरिकेहून परतल्यावर आम्ही त्यांच्याकडे जाऊन बसलो. प्रथम ते चिडले. ‘‘सेठ, एकेकाला सांगत बसलो तर धंदा कधी करायचा? ज्याला त्रास आहे त्याने घरी खावे.’’ आम्ही म्हटले, ‘‘तसे असेल तर तसे सांगा. आमच्याकडे तुमच्यासाठी काही नाही, एवढे म्हणा. गिऱ्हाईक जाईल, जिवंत जाईल.’’ यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग आचाऱ्याला बोलावले आणि एक दुपार खर्चून प्रत्येक पदार्थात काय पडते ते लिहायला घेतले. दही, तूप, मलई, काजू, शेंगदाणा, अंडे, तीळ. साध्या भातापाशी आल्यावर आचारी म्हणाला, ‘‘यात शेवटी एक डाव तूप सोडतो.’’ मालकांनी चमकून पाहिले. वीस वर्षे ते स्वतःच्याच हॉटेलात रोज तो भात खात होते आणि त्यांना हे माहीत नव्हते.

ती यादी आता भटारखान्याच्या भिंतीवर उर्दू आणि मराठीत लावलेली आहे. मसाला बदलला की आचाऱ्याने ती खोडून दुरुस्त करायची असे ठरले आहे. दोनदा तो विसरला, हेही सांगितले पाहिजे.

२०२४ च्या उन्हाळ्यात पुतण्या सहकुटुंब पुन्हा आला. पोरीनेच त्या हॉटेलात जाऊ म्हटले, आई तयार नव्हती. वेटर तोच होता. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘मला माहीत नाही बाजी, आत विचारून येतो.’’ थोड्या वेळाने आचारी स्वतः बाहेर आला, हात पुसत. कबाब देणार नाही म्हणाला. तेलाची फोडणी दिलेली डाळ आणि धुतलेल्या वेगळ्या पातेल्यात तुपाविना शिजवलेला भात देतो, अर्धा तास लागेल. आम्ही अर्धा तास थांबलो. पोर पोटभर जेवली. पेन मात्र तिच्या आईने टेबलावर, ताटाच्या शेजारीच ठेवले होते.